‘रद्द’ म्हणणारा माणूस कोण?

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

परवा चौकात फ्लेक्स लागला. यंदाच्या ट्रायथलॉनचा. एक पोहणारा, एक सायकलवाला, एक पळणारा, खाली पुढाऱ्यांचे फोटो आणि मधोमध मोठ्या अक्षरात ओळ : ‘पाऊस येवो, वारा येवो, आम्ही थांबणार नाही!’

ती ओळ वाचून माझ्या पोटात गोळा आला. कारण ती ओळ माझी आहे. गेल्या वर्षी याच स्पर्धेची जी बातमी मी दिली होती, तिचा हा शेवट. आयोजकांना आवडला, त्यांनी उचलला. एरवी आपलं वाक्य फ्लेक्सवर गेलं की पत्रकार खूश होतो. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. का, ते सांगतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहायचं, लगेच सायकल, लगेच पळायचं. मध्ये घड्याळ थांबत नाही. ऑलिंपिकमध्ये दीड किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर पळणं असतं. आमची त्याच्या निम्मी होती. ७५० मीटर, २० किलोमीटर, ५ किलोमीटर. शेजारच्या तालुक्यातल्या धरणाच्या पाण्यात. स्पर्धेचं आणि आयोजकांचं नाव मी लिहिणार नाही. माणसं ओळखीची आहेत, हौशी आहेत, खिशातले पैसे घालतात. मला कुणाला उघडं पाडायचं नाही. पाडायचंच झालं तर पहिला नंबर माझा आहे.

चाळिशी ओलांडल्यावर साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी चालायला लावलं. चालता चालता पळायला लागलो, मग सायकल घेतली. पोहायला तर विहिरीतच शिकलेलो. तेव्हा फी भरली अडीच हजार, सहा महिने पहाटे उठलो आणि गावभर सांगत सुटलो.

आदल्या दिवशी हवामान खात्याचा आपल्या जिल्ह्यासाठी ऑरेंज अलर्ट होता. तो मीच आमच्या ग्रुपवर टाकला होता. म्हणजे माहिती नव्हती असं म्हणायची सोय नाही.

पहाटे पाचला धरणावर पोचलो तेव्हा भुरभुर पाऊस होता, वारा फार नव्हता. साडेसहाची वेळ दिलेली. प्रमुख पाहुणे आले सव्वासातला. फीत, नारळ, सत्कार, भाषण. शंभरेक माणसं चड्डीवर, ओल्या अंगाने काठावर कुडकुडत उभी. त्या पाऊण तासात पलीकडच्या डोंगरावर आभाळ काळं झालं, वारा फिरला आणि पाण्यावर पांढरा फेस दिसायला लागला. लांब कुठंतरी गडगडलं.

काठावर होडी बांधून बसलेले एक मासेमारी करणारे मामा होते. साठीचे असतील. मला पत्रकार म्हणून ओळखत होते. ते म्हणाले, “सायेब, आज नगा जाऊ पाण्यात. वारं फिरलंय. आमी बी जाळं काढायला गेलो न्हाई आज.”

मी हसलो. म्हटलं, “मामा, पैसे भरलेत.”

आता हे वाक्य लिहिताना लाज वाटते. जो माणूस त्या पाण्यावर चाळीस वर्षं पोट भरतो, तो सांगतोय जाऊ नका. आणि मी त्याला पावती दाखवतोय.

हूटर वाजला. उड्या पडल्या. पहिले शंभर मीटर बरे गेले. नंतर काठाचा आडोसा संपला आणि लाटा तोंडावर यायला लागल्या. श्वास घ्यायला तोंड वळवावं तर पाणी आत. वळण दाखवायला तीन केशरी बोया टाकल्या होत्या, त्यातली दुसरी वाऱ्याने ओढत कुठल्या कुठे गेली. कुणाला दिसेना. जो तो पुढच्याच्या मागे. आणि पुढचाही दिसेना, कारण आम्हाला दिलेल्या टोप्या पांढऱ्या होत्या, प्रायोजकाच्या नावाच्या. पांढऱ्या फेसात पांढरी टोपी. काठावरून आमच्यावर नजर ठेवणाऱ्यांना डोकं कुठलं आणि लाट कुठली हे कळायला मार्गच नव्हता.

दोन बोटी आणि एक कयाक एवढाच बंदोबस्त. माझी छाती भरून आली, हात जड झाले. खरं सांगतो, बायकोचा चेहरा समोर आला. निघताना ती म्हणाली होती, “जमलं नाही तर बाहेर या. मेडल काय खायचंय?” कयाक जवळ आली, तिला लटकलो. नियमाप्रमाणे होडी धरून दम खाता येतो, फक्त तिच्या जोरावर पुढे सरकायचं नाही. पाचेक मिनिटं तसाच होतो. तेवढ्यात पाहिलं तर मामांनी कुणी न सांगता आपली होडी पाण्यात घातली होती. त्यांनी तिघांना वर ओढलं. त्यातला एक जण नुसता खोकत होता, बोलता येत नव्हतं.

मी बाहेर आलो. शहाण्या माणसाने तिथंच टॉवेल गुंडाळला असता. मी सायकल उचलली.

पाऊस आता धो धो. उताराला एका वळणावर शेतातून आलेल्या ट्रॅक्टरचा चिखल रस्त्यावर पसरलेला. माझ्या पुढे एक पोरगा होता, कॉलेजचा, उधारीवर आणलेल्या सायकलवर. त्याचं चाक घसरलं आणि तो खांद्यावर आपटला. मी ब्रेक दाबत दाबत बाजूने गेलो आणि ओरडलो, “ठीक आहेस ना रे?” त्याने मान हलवली की नाही ते मला दिसलं नाही. मी थांबलो नाही.

मी थांबलो नाही, हे मी पहिल्यांदाच कुठंतरी लिहितोय. एरवी रस्त्यावर अपघात दिसला तर मोटारसायकल लावून आधी माणूस उचलणारा मी. पण अंगावर नंबर लागला की माणसाचं काय होतं बघा.

शेवटी पोचलो. गळ्यात मेडल पडलं, फोटो निघाले. घरी येऊन गरम पाण्याने अंघोळ केली आणि बातमी लिहिली. ‘वादळी पावसावर जिद्दीची मात’. पहिल्या परिच्छेदात पाहुणे, दुसऱ्यात आयोजक, तिसऱ्यात विजेते. पाण्यातून ओढून काढलेल्या तिघांचा उल्लेख नाही. मामांचा नाही. पोराचा नाही. शेवटी ती ओळ.

त्या पोराचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. तो पोलीस भरतीची तयारी करत होता, दोन महिन्यांवर ग्राउंड होतं. सोळाशे मीटर तो सहज मारायचा. पण गोळाफेक कोणत्या हाताने करणार? भरती गेली. हे मला तीन महिन्यांनी त्याच्या वडिलांकडून कळलं, बाजारात. ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, “तुमची बातमी वाचली होती. छान होती.”

कुणी मेलं नाही, म्हणून कुणी बोललं नाही. आपल्याकडे चूक ही चूक ठरायला माणूस मरावा लागतो.

पत्रकारितेच्या डिप्लोमाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, बातमीत कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसं ही सगळी उत्तरं पाहिजेत. माझ्या त्या बातमीत एक ‘कोण’ राहिलं होतं. त्या सकाळी स्पर्धा थांबवायची की नाही, हे कोण ठरवणार होतं? मी नंतर चार जणांना विचारलं. आयोजक म्हणाले, पाणी बोटवाल्यांनी बघायचं. बोटवाले म्हणाले, आम्हाला कुणी विचारलंच नाही. तिसरे म्हणाले, पाहुणे आल्यावर रद्द कसं करणार? चौथे म्हणाले, “तुम्हीच आला नसता तर झाली असती का?” चौघांचंही खरं होतं. म्हणजेच ठरवणारा कुणीच नव्हता.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये आयर्लंडमध्ये, कॉर्क परगण्यातल्या यॉल गावात मोठी आयर्नमॅन स्पर्धा झाली. त्याच दिवसांत बेट्टी नावाचं वादळ येऊन गेलं होतं, समुद्र खवळलेला होता. पोहण्याच्या टप्प्यात दोन पुरुष दगावले. नंतर तिथल्या ट्रायथलॉन संघटनेने सांगितलं की, वाईट परिस्थितीमुळे स्पर्धेला मान्यता देता येणार नाही असं आम्ही सुरू व्हायच्या आधी कळवलं होतं. आयोजकांचं म्हणणं वेगळं, ते आम्हाला नंतर समजलं. कोण खरं, कोण खोटं यात मी पडत नाही. मला फक्त एवढंच दिसतं की, ‘नाही’ हा शब्द कुणाच्या तोंडून आला की तो शेवटचा, हे तिथंही सगळ्यांना एकसारखं माहीत नव्हतं.

आणि धोका पोहण्यातच जास्त असतो, हे नुसतं माझ्या भीतीचं म्हणणं नाही. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळातल्या ट्रायथलॉनमधले मृत्यू आणि हृदय बंद पडण्याचे प्रकार अभ्यासले गेले. एकूण १३५ निघाले. त्यातले सुमारे दोन तृतीयांश पोहताना. बहुतेक पुरुष, सरासरी वय सत्तेचाळीसच्या आसपास. म्हणजे सांडगे-पापड सोडून नुकतेच सायकलवर बसलेले आपल्यासारखेच. पाण्यात छाती धरली तर रस्त्याकडेला बसता येत नाही, हा साधा फरक आहे.

आता दुसरी बाजू. पॅरिस ऑलिंपिक, २०२४. उद्घाटनाच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी जोराचा पाऊस झाला, सीन नदीचं पाणी खराब झालं. पुरुषांची ट्रायथलॉन ३० जुलैला होती. सगळ्या जगाचे कॅमेरे लागलेले, नदी साफ करायला अब्जावधी खर्च झालेले, तरी त्या पहाटे सांगितलं, आज नाही. ३१ तारखेला महिलांची आणि पुरुषांची दोन्ही झाल्या. टीका भरपूर झाली, ती व्हायलाही हवी होती. पण ऑलिंपिक एक दिवस थांबू शकतं, तर आपले पाहुणे कोण लागून गेले?

त्याच्याही मागे जा. आज लोक ज्या आयर्नमॅनचं नाव टॅटू करून घेतात, ती हवाईमध्ये १९७८ साली सुरू झाली. पहिल्या वर्षी पंधरा जण उतरले, बारा पोचले. दुसऱ्याच वर्षी, १९७९ ला, वादळी हवेमुळे स्पर्धा एक दिवस पुढे ढकलली. ज्यांनी हा वेडेपणा जन्माला घातला, त्यांनीसुद्धा आभाळाकडे बघून तारीख बदलली. म्हणजे थांबणं हे या खेळाच्या विरुद्ध नाही.

काही जण म्हणतील, पत्रकार साहेब, तुम्ही घाबरलात. पाऊस नको तर टाकीत पोहा. ऊन-वारा-पाऊस हाच तर खेळ आहे.

हे मला अर्धं मान्य आहे. टोकियोला २०२१ मध्ये महिलांची ट्रायथलॉन खराब हवेमुळे पंधरा मिनिटं उशिरा सुटली आणि ओल्या रस्त्यावर झाली. घसरल्याही काही जणी. भिजणं, कुडकुडणं, वाऱ्याच्या तोंडावर सायकल मारणं हा त्रास आहे, आणि त्रास घ्यायलाच आपण जातो. पण त्रास आणि धोका यात फरक असतो. मला त्रास होतोय हे मला कळतं. धोका बऱ्याचदा मला कळतच नाही, तो काठावरच्या माणसाला दिसतो. बोया दिसत नसेल, वाचवणाऱ्याला पोहणारा दिसत नसेल, वीज कडकडत असेल, तर तो खेळ उरत नाही. तिथं जिद्दीचा संबंध नाही.

आणि थांबायचा निर्णय खेळाडूवर सोडता येत नाही. त्याने पैसे भरलेत, सहा महिने घाम गाळलाय, सासुरवाडीपर्यंत सांगितलंय, स्टेटस ठेवलंय. तो पाण्यात जाणारच. मी गेलोच ना? त्या मिनिटाला जगातला सगळ्यात वाईट न्यायाधीश म्हणजे काठावर टोपी घालून उभा असलेला स्पर्धक.

मे २०२१ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरची डोंगरातली शर्यत झाली. १७२ जण पळत होते. दुपारी अचानक गारा, बर्फासारखा पाऊस आणि वारा. अंगावर बनियन-चड्डी, जाड जॅकेट सक्तीचं नव्हतं. २१ जण थंडीने गेले. त्यात काही त्या देशातले नावाजलेले धावपटू होते. म्हणजे ताकद कमी पडली असं नाही. त्या दिवशी झू केमिंग नावाचा एक मेंढपाळ पावसापासून बचावाला गुहेत बसला होता, त्याने सहा जणांना आत आणून शेक दिला, वाचवलं. ते वाचल्यापासून मला सारखे आमचे मामा आठवतात. सगळीकडे एक मेंढपाळ असतो, एक होडीवाला असतो. त्याला हवा कळते. फक्त आदल्या दिवशीच्या मीटिंगला त्याला कुणी बोलवत नाही.

तुम्ही म्हणाल, शंभर हौशी लोकांच्या खेळासाठी एवढं का लिहितोस? कारण हा खेळापुरता विषय नाही. २१ मे २०२४ ची संध्याकाळ आठवा. करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे येणारी बोट उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्याने उलटली. सहा जण गेले, त्यात लहान लेकरं. एक पोलीस अधिकारी पोहून काठाला लागला म्हणून बाहेर कळलं तरी. ती माणसं मेडल आणायला निघाली नव्हती. पलीकडच्या गावाला जायचं होतं, एवढंच. तिथंही प्रश्न तोच. वारं सुटलंय, आज बोट सुटणार नाही, हे म्हणायचा अधिकार आणि हिंमत कुणाकडे होती? खेळात निदान आपल्याला आधी बसून ठरवायला सवड असते. जिथं सवड आहे तिथंच आपण ठरवत नसू, तर बाकीच्या ठिकाणी काय ठरवणार?

म्हणून यंदाच्या आयोजकांना जाहीर विनंती. रागावू नका, शांतपणे वाचा.

एक. फ्लेक्सवर पुढाऱ्यांच्या फोटोंबरोबर एक नाव टाका. हा माणूस ‘रद्द’ म्हणाला की रद्द. तो आयोजक नको, प्रायोजक नको, पाहुण्यांच्या मर्जीतला नको. फीच्या पैशाशी त्याचा संबंध नको.

दोन. कधी थांबायचं ते आधीच लिहून काढा. बोया जागेवर राहत नसतील तर पोहणं बंद. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर सगळे आडोशाला, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं पाण्यात पाय नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ अॅप फुकट आहे, जवळपास वीज कुठं पडतेय ते दाखवतं. ज्याच्या हातात शिट्टी आहे त्याच्या मोबाइलमध्ये ते असू द्या.

तीन. रद्द म्हणजे सगळंच बुडालं असं नको. पोहणं काढून पळणं-सायकल-पळणं करता येतं. जगभर करतात. तेही जमलं नाही तर फी पुढच्या वर्षीला धरा. ‘पैसे परत मिळणार नाहीत’ ही ओळ छापली की लोक जीव घालतात, हे मी स्वतःवरून सांगतो.

चार. मामांसारख्या चार होडीवाल्यांना आदल्या संध्याकाळी बोलवा, त्यांचं ऐका, आणि त्यांच्या दिवसाचे पैसे द्या. सत्काराच्या शालींच्या खर्चात बसतं.

पाच. पाहुण्यांसाठी वेळ थांबवू नका. भाषण मेडल देताना करा. तेव्हा सगळे बसलेले असतात, आणि जिवंत असतात.

सहा. टोप्या भगव्या, पिवळ्या, पोपटी, कसल्याही द्या. पांढऱ्या नको.

आणि सातवं माझ्यासाठी आणि माझ्या पेशातल्या भावंडांसाठी. ‘मात’, ‘झुंज’, ‘जिद्द’ हे शब्द हवामानाच्या बातमीत लिहिताना हात जरा आखडता घ्या. यंदा जर कुणी स्पर्धा थांबवली, तर ती बातमी मी पहिल्या पानासाठी पाठवीन. ‘आयोजकांचा शहाणपणा’ असं शीर्षक देईन. छापून येईल की नाही ते संपादक बघतील, पण मी पाठवीन.

फ्लेक्सवरची ती ओळ काढा, एवढी मात्र हात जोडून विनंती. ती माझी आहे, म्हणून मी परत मागू शकतो.

काल त्या पोराला भेटायला गेलो होतो. खांदा बराच बरा आहे, हात वर जातो, गोळा अजून पूर्वीसारखा जात नाही. पुढच्या भरतीची वाट बघतोय, वय अजून दोन वर्षं बसतंय. मी त्याला म्हटलं, “त्या दिवशी मी थांबलो नाही रे. चुकलं माझं.”

तो म्हणाला, “सर, मी बघितलंच नव्हतं कोण गेलं ते. चार-पाच जण गेले.”

मग जरा थांबून विचारलं, “यंदा आहे का तुमचं?”

मी सांगितलं, नाव नोंदवीन, पण आधी विचारणार, शिट्टी कुणाकडे आहे.

तुमच्या गावात अशी शिट्टी कुणाकडे आहे? यात्रेला, नदीकाठच्या विसर्जनाला, शाळेच्या सहलीला? विचारून बघा. उत्तर द्यायला दोन माणसं एकमेकांकडे बघायला लागली, तर समजा कुणाकडेच नाही.